मागच्या दारानं

पाहुण्यांची घोडागाडी, त्यांचा जटका, दाराशी थांबला तरी फत्तेसिंगांचा पत्ता नव्हता.

रत्नाबाईंनी पदर सावरला आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार केला. आज लेकीला, मथुराला, पाहायला येणार, हे त्या आठवडाभर सांगत होत्या. तरी पहाटे सायकलीला गळ बांधून ते हेब्बाळच्या तळ्यावर गेलेच. "चैत्रात पाणी उतरलं की मरळ काठाला येते गं," म्हणाले होते. "त्यांच्या आधी पोचतो, काळजी करू नकोस."

तळं म्हटलं की रत्नाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माहेरची माणसं म्हैसूरच्या घोडदळातली. भिंतीवर वडिलांचा तलवारीसकट फोटो. आणि नवरा आठवडाभर कारखान्यात लेथ चालवणार, रविवारी चिखलात बसून मासे धरणार. मासे लटकवलेली ती सायकल मल्लेश्वरमच्या गल्लीत वळली की त्या खिडकी लावून घ्यायच्या.

आजचं स्थळ मोठं होतं. हंबीरराव म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, मुलगा इंजिनिअर. शेजारच्या सकवारबाई निरोप घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "त्यांनी आपणहून विचारलंय, अक्का. नशीब काढलंन पोरीनं." आपल्या माहेरचं नाव अजून चालतं, असं त्या दिवशी रत्नाबाईंना वाटलं होतं.

हंबीरराव मुलाबरोबर आत आले. उंच, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा कोट. खुर्चीवर बसून त्यांनी घरभर नजर फिरवली.

"यजमान दिसत नाहीत?"

"म्हैसूरला गेलेत," रत्नाबाई म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या, याचं त्यांनाच नवल वाटलं. "ऑफिसचं काम निघालं. त्यांच्यावाचून तिथलं पान हलत नाही."

"असं होय," हंबीरराव म्हणाले. मुलानं वडिलांकडे पाहिलं, पण वडील फोटोकडे बघत होते.

मथुरा केसरीभात घेऊन आली. मुलानं तिला शिक्षणाचं विचारलं, तिनं खाली मान घालून पण नीट उत्तर दिलं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात अंगणात सायकल वाजली.

फत्तेसिंग दारात उभे राहिले. पोटरीपर्यंत चिखल, शर्टाची बाही फाटलेली, हातात काथ्याला ओवलेली हातभर लांबीची मरळ. अजून तडफडत होती. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, अगदी लहान मुलासारखं.

हंबीरराव खुर्चीतून अर्धवट उठले.

वासानं उठले, रत्नाबाईंना वाटलं. त्यांच्या कानशिलात रक्त उसळलं. "अरे, किती वेळा सांगायचं तुला?" त्या ओरडल्या. "मासे मागच्या दारानं आणायचे!"

मथुराच्या हातातली बशी वाजली.

फत्तेसिंगांचं हसू विरलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, मग खाली आपल्या पायांकडे.

"सरी, अक्का, मागच्या दारानं नेतो," ते म्हणाले, आणि घराला वळसा घालून निघून गेले.

हंबीरराव हळूहळू परत खाली बसले. "कोण हे?"

"मासेवाला. रविवारी येतो."

"मरळ छान होती. कुठल्या तळ्यातली?"

"ही माणसं कुठून काय आणतात, आम्ही कशाला विचारतोय?" रत्नाबाई हसल्या. "तुम्ही घ्या ना स्वल्प आणखी."

मथुरा ताडकन उठून आत गेली. कॉफीचं निमित्त करून रत्नाबाईही तिच्या मागे गेल्या. पोरगी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडत होती. मागच्या दारातून फत्तेसिंग दिसत होते. धुण्याच्या दगडाशी उकिडवे बसून ते मरळीची खवलं काढत होते.

"अहो," त्या कुजबुजल्या. "माझ्या तोंडून निघून गेलं."

"असू दे." त्यांनी वर पाहिलं नाही. "कॉफी निवेल. जा तू, पाहुणे बसलेत."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत या माणसानं रत्नाबाईंना कधी दुखवलं नव्हतं, आणि आज त्यांच्या खोट्यात तो मुकाट्यानं सामील झाला होता. त्यांच्या अब्रूसाठी स्वतःच्याच घरात परका झाला होता.

कॉफीचे पेले घेऊन त्या बाहेर आल्या ते सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. पेले ठेवले. "एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"सांगा की," हंबीरराव म्हणाले. ते थांबले, बराच वेळ थांबले.

रत्नाबाईंना भिंतीवरचे वडील दिसले. इंजिनिअर मुलगा दिसला. "साखर पुरेशी आहे ना?" त्यांनी विचारलं.

हंबीररावांनी पेला न उचलताच खाली मान घातली. मग ते उठले. दारापाशी काढलेल्या वहाणा न घालता ते उलट दिशेला वळले आणि स्वयंपाकघरातून थेट मागच्या अंगणात गेले. रत्नाबाई धावतच त्यांच्या मागे निघाल्या. "अहो, तिकडे नको, तिथं घाण आहे..."

सुभेदार धुण्याच्या दगडावर, खवलांच्या पसाऱ्यात, कोटासकट बसले. फत्तेसिंगांच्या ओल्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"सकाळी मी तळ्यावरून निघाल्यावर लागली वाटतं गळाला, फत्तेसिंग?"

"हो, लगेचच," फत्तेसिंग म्हणाले.

रत्नाबाईंनी दाराची चौकट धरली. हंबीररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"मुलगी आम्ही शिमग्यालाच पसंत केली होती, अक्का. यांच्याशेजारी बसून, हेब्बाळच्या काठावर," ते म्हणाले. "आज आलो होतो ते तुम्हांला पाहायला."