दहाव्याचा डबा

दहाव्याच्या पिंडाशेजारी मित्रांनी दिगंबररावांच्या आवडत्या हॉटेलांतलं सगळं मांडलं. तर्रीदार मिसळ, बटाटेवडे, लोण्याचा डोसा. कावळे घाटाच्या कठड्यावरून माना वाकड्या करून नुसते बघत होते. ऊन चढलं, तरी एकही खाली उतरेना.

"घरचं काही आहे का?" गुरुजींनी विचारलं.

मुलीनं पिशवीतून आईनं नातवासाठी भरून दिलेला डबा काढला. मेतकूट-भात.

"ते नको गं," कुमुदताई पुटपुटल्या. "माझ्या हातचं ह्यांना कधी आवडलं?" शहरातल्या एकेका रश्श्यावर तासभर बोलणारा त्यांचा नवरा घरी मात्र मुकाट्यानं जेवून उठायचा.

मुलीनं डबा उघडून ठेवला मात्र, एक कावळा झेपावला. आधी त्यानं भातात चोच घातली, मग पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. "भाग्यवान आहात, वहिनी," एक मित्र गहिवरून म्हणाला. "शेवटी तुमच्याच हातचं लागलं त्याला."

कुमुदताईंचे हात जुळलेच नाहीत. त्या पिंडाकडे बघत राहिल्या.

"जन्मभर रांधून वाढलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "एकदा तोंडानं 'छान' म्हणाला असतात! आता हे मला कावळ्यानं सांगायचं?"