खड्ड्यातली केळ

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी जावा बेटावरच्या आमच्या गावात निवृत्त शिक्षिका सुलास्त्रीबाईंनी रस्त्यातल्या खड्ड्यात केळ लावली. खड्डा बुजत नसेल तर आमच्याकडे हेच करतात. पण बाईंनी केळीला देशाचा लाल-पांढरा झेंडाही बांधला आणि सरपंच भडकले. “सणाच्या दिवशी देशाची अब्रू काढता? पोलीस बोलावलेत!” “अब्रू खड्ड्यातच गेलीय, मी फक्त खूण केली,” बाई म्हणाल्या. हवालदार लंगडत आला. त्यानं झेंडा सोडला, घडी घालून बाईंना दिला. “दारावर लावा, मावशी. इथं मळेल.” मग तो केळीपाशी वाकला. आता उपटणार, असं आम्हाला वाटलं. त्यानं बुंध्याशी माती दाबली. “ही राहू दे,” गुडघ्यावरची रक्तानं लाल-पांढरी झालेली पट्टी दाखवत तो म्हणाला, “काल असती तर मी पडलो नसतो.” “सोमवारी खडी टाकतो,” सरपंच पुटपुटले. बाईंनी हसून विचारलं, “कुठल्या सोमवारी?”