काउंटरसमोरची खुर्ची

"ती काउंटरसमोरची खुर्ची आधी काढा," छोट्या दुकानदारांना सल्ला देत फिरणारा सल्लागार टेलरबाईंना म्हणाला. "रिकामटेकडे येऊन ठाण मांडतात आणि गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं."

"एकच आजोबा येतात हो रोज. डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावून देतात. तेवढाच त्यांचा वेळ जातो."

"ताई, दुकान चालवताय की धर्मशाळा?"

बाईंनी खुर्ची माळ्यावर टाकली.

महिन्याभराने तो पुन्हा डोकावला, तेव्हा खुर्चीच्या जागी तयार कपड्यांचा स्टँड होता आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीने दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी दोनदा आभार मानले. स्वारी खुशीत घरी आली.

घरी वडील आईचा शिवणाचा डबा टेबलावर उपडा करून बसले होते.

"बाबा, हल्ली सकाळचे बाहेर पडत नाही तुम्ही? पाय दुखतायत का?"

"पाय ठणठणीत आहेत रे." त्यांनी एक निळं बटण उचलून निळ्या बटणांच्या ढिगात सरकवलं. "पण जाऊन बसायचं कुठे?"