एक कप चहा, कुणाच्याही मदतीशिवाय

"पातेलं कुठाय?" आजींनी विचारलं.

समोर ओट्यावर थेरपिस्ट बाईंनी किटली, कप, दूध, साखर आणि चहाच्या बुडवायच्या पुड्या मांडून ठेवल्या होत्या. वॉर्डाच्या टोकाची ही खोली म्हणजे परीक्षेचं स्वयंपाकघर. ज्यांना घरी एकटं राहणं जमेल की नाही अशी शंका असे, त्यांनी इथे एक कप चहा करून दाखवायचा. जमला तर घर, नाही जमला तर वृद्धाश्रम.

"पातेलं मागताहेत," पोरीने बाईंना सांगितलं. "आमच्याकडे चहा उकळतात."

बाईंनी पातेलं काढून दिलं आणि पुन्हा बजावलं, मदत करायची नाही. खूण नाही, शब्द नाही. बोललेलं फक्त इकडचं तिकडे करायचं. दुभाष्या रजेवर होता, म्हणून ही पोरगी. कॉलेजच्या आधी एक वर्ष थांबून परक्या देशात बिनपगारी राबायला आलेली. घरी कुणाला पेलाभर पाणी द्यायचं म्हटलं तरी हिच्या जिवावर यायचं, आणि इथे रोज सकाळी अठ्ठावीस खाटांपाशी पाणी भरून ठेवत होती. आईला फोनवर ते खरंच वाटत नसे. शुक्रवारी तिचं वर्ष संपत होतं.

आजींनी एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्याने नळ सोडला. खुब्याचं हाड मोडून पाच आठवडे झाले होते. चाळीस वर्षं या देशात काढली, पण बाहेरचं सगळं बोलणं नवऱ्याने केलं. तो गेला आणि आजींच्या तोंडाला कुलूप लागलं. पाच आठवडे त्या बोलल्या त्या या पोरीशीच, आणि बोलणंही एकच: माझ्या घरी कधी सोडणार?

"एकच कप हं, आजी. तसं लिहिलंय."

"हे काय भलतंच! एक कप कधी कुणी टाकतं का? दारात कुणी आलं तर काय त्याच्या तोंडाकडे बघत बसू?" आजींनी तीन कपांचं आधण ठेवलं. मग चहाची पुडी उलटसुलट करून बघितली आणि सरळ फाडली. "चहाला असं पोत्यात कशाला शिवतात गं?"

पोरीने तेही बाईंना सांगितलं. बाई हसल्या.

हात चालत होते तशी जीभही चालत होती. सासरी सकाळी अकरा कप लागायचे. मामंजींना बिनदुधाचा, थोरल्या जाऊबाईंना दोन चमचे साखर जास्त, आणि धाकट्या दिराला बशीत ओतून दिल्याशिवाय घशाखाली उतरायचा नाही. "तेव्हा वाटायचं, यातून कधी एकदा सुटते. सुटले आणि काय मिळवलं? आता कुणी 'वहिनी, चहा' म्हणून ओरडेल तर धावत जाईन बघ, या मोडक्या पायाने."

चहा वर आला. आजींनी पातेलं उचललं, फेस खाली बसू दिला, पुन्हा ठेवलं. वास सुटला. वर्षभरात हा वास पोरीच्या नाकाला शिवला नव्हता. तिला घराची आठवण आली. बाबांच्या पेपरची, आईच्या "उठा आता, दुसऱ्यांदा गरम करणार नाही"ची. इतकी आली, की इथे आपण का आलो तेच तिला क्षणभर आठवेना.

आजींनी तीन कप भरले. एक थेंब सांडला नाही. "बघ, झाला की नाही?" म्हणत त्या खुर्चीत टेकल्या. पोरीचा जीव भांड्यात पडला.

मग तिला विजेची शेगडी दिसली. काचेखालचं कडं लालबुंद होतं, आणि फडकं त्याच्यापासून वीतभर अंतरावर. बाई घड्याळाकडे बघत थांबल्या होत्या.

इथे आपली भाषा कुणाला कळतेय? "आजी," पोरगी चहाचं कौतुक करावं तशा सुरात म्हणाली, "शेगडी राहिलीय. उठा, बंद करा. काही बोलू नका."

आजींनी वळून पाहिलं. त्या उठल्या नाहीत.

"तू रोज येणार आहेस का सांगायला?"

"अहो, इथे ज्योत दिसत नाही म्हणून! तुमच्या घरी गॅस आहे, तिथे..."

"घरी दोनदा राहिलाय गं. दुसऱ्यांदा पडदा पेटला. तो विझवायला धावले तेव्हाच तर पडले. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला म्हणून." आजींनी डोळ्यांना पदर लावला. "आणि वरच्या मजल्यावर बाळंतीण राहते."

"काय म्हणताहेत?" बाईंनी विचारलं.

"चहाबद्दल," पोरगी म्हणाली.

"एवढी त्यांची भाषा कळते गं मला," आजी म्हणाल्या. "ते नाही सांगितलंस तू. सांग तिला. तू शुक्रवारी गेलीस की हे मी कुणाला सांगू? आणि मग मी घरी जाईनच बघ. मोठी हट्टी आहे मी."

पोरीने सांगितलं. पडद्याचं सांगितलं, बाळंतिणीचं सांगितलं, आणि शेगडी राहिल्याचं आपणच आजींना कळवलं तेही. बाईंनी उठून शेगडी बंद केली. मग परीक्षेच्या कागदावर ते सगळं लिहून घेतलं.

आजींनी एक कप पोरीच्या हातात दिला.

"रडतेस काय? पी, गरम आहे तोवर. त्या आश्रमात मला ओट्याशी कोण उभं राहू देणार आहे आता?"