धाकटीची गोळी

ताईने आपली एक किडनी धाकट्या भावाला, रंगाऱ्याला दिली, तेव्हापासून त्या किडनीचं नाव धाकटी पडलं होतं. भेटली की ताई आधी धाकटीची चौकशी करायची, मग भावाची.

"मानेतली गाठ लिम्फोमाची आहे," डॉक्टर रंगाऱ्याला म्हणाले.

"म्हणजे मागे झालेला कानावरच्या कातडीचा कॅन्सर खाली उतरला?"

"नाही, हा वेगळा. कानाच्या वेळी उन्हातलं कामही नडलं. पण दोन्ही कॅन्सरना वाट करून दिली ती गोळ्यांनी. परकी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून आपण त्या गोळ्यांनी तुमची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. आजपासून गोळी अर्धी."

"आणि किडनी?"

"टिकेल किंवा जाईल. पण अख्खी गोळी चालू ठेवलीत, तर गाठ वाढतच जाईल."

बाहेर बाकावर ताई बसली होती. भावाच्या गोळीची वेळ तिने आजवर चुकू दिली नव्हती. आताही एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या तळहातावर गोळी.

"काय रे, धाकटीची काही तक्रार?"

"छे. ठणठणीत आहे."

"मग तोंड का पाडलंयस? मला वाटलं, माझाच माल खराब निघाला." ती हसली. "घे, आधी गोळी घे."

रंगाऱ्याने गोळी चिमटीत धरली. तिच्या मधल्या रेघेवर नख टेकवलं. ताई बाटलीचं झाकण उघडून त्याच्याकडे बघत होती.

त्याने गोळी अख्खीच गिळली.