काळी जाळी

व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बाबांनी डासांच्या जाळीचे दोन्ही नमुने आळीपाळीने डोळ्यांसमोर धरले.

“पांढरी घेऊ या. भिंतीला शोभते,” मी म्हणाले.

“शोभून काय करायचंय? पांढरीतून सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. काळी घे. फाटक स्वच्छ दिसतं.”

“फाटकात एवढं काय बघायचंय?”

ते नुसते हसले. मी बँकेतून परतायच्या वेळी ते रोज डास मारत इथेच बसत. मी फाटक उघडलं की विचारत, “आलीस?” मी म्हणे, “नाही, अजून बसमध्येच आहे.” त्यावर ते रोज नव्याने हसत. त्या दिवशी नमुने तसेच खिडकीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर जाळीवाल्याचा फोन आला. “ताई, तुम्ही आधी म्हणाला होतात तशी पांढरीच बसवायची ना?”

“एक मिनिट थांबा.” मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि काळा तुकडा डोळ्यांसमोर धरला. फाटकाची कडीसुद्धा दिसत होती. मी येताना जिथे थांबून पर्स सावरते, ती जागाही.

“काळी बसवा,” मी म्हणाले.

जाळी लागल्यावर पहिल्यांदाच कामावरून परतले, तेव्हा ऊन कलत होतं. व्हरांड्यात सावली होती. खुर्ची रिकामी आहे की नाही, हे जाळीच्या बाहेरून कळत नव्हतं. फाटकाची कडी लावून मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

“आले, बाबा.”