मिसळणाचा डबा

सॉलिसिटरने देवयानीला बजावलं होतं, "वाद घालायचा नाही. जे तुझं आहे असं सिद्ध करता येईल, तेवढंच उचलायचं." म्हणून लंडनमध्ये हॅरोच्या त्या दोघांच्या फ्लॅटमध्ये ती तोंड मिटून बॅग भरत होती आणि आजवर तिच्यासोबत राहिलेला अंबरीश एकेका वस्तूचा पुरावा मागत होता. लॅपटॉपची पावती निघाली, शिलाई मशीनचे फोटो निघाले. शेवटी तिने ओट्यावरचा मिसळणाचा डबा उचलला, तसा तो दारात आडवा झाला.

"तो खाली ठेव. माझ्या आईने पुण्याहून आणलाय."

"मला दिलाय काकूंनी."

"दिलाय म्हणे! लग्न तरी झालं होतं का आपलं? आईची वस्तू मुलाचीच असते. जा, कोर्टात सांग."

त्याने डब्याला हात घातला. ओढाताणीत झाकण उडालं आणि हळद दोघांच्याही हातांवर सांडली. देवयानीने डबा सोडला नाही. तो तसाच उंच करून तिने त्याच्या डोळ्यांसमोर धरला. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, 'देवयानी'. पुढे ना अंबरीश, ना आडनाव.

त्याची पकड सैल झाली. "आई माझं नाव घालायला विसरली?"

"विसरल्या नाहीत. डबा हातात देताना म्हणाल्या, 'तुझं एकटीचंच घातलंय गं. माझ्या भांड्यांवर ह्याच्या बाबांचं होतं. घर सोडलं तेव्हा साधा चमचा उचलू दिला नाही त्यांनी.'"